वाकड्या पट्टीचा अहवाल

मी पोटासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. आंब्याचा धंदा करत नाही, होमस्टे चालवत नाही आणि पर्यटकांना समुद्रात बुडवून वर काढायचं दुकानही माझ्याकडे नाही. आमच्या मालवण भागात या तिन्हींपैकी काहीच न करणारा धट्टाकट्टा माणूस दिवसभर घरी दिसला की लोक आधी आजारपण विचारतात आणि मग हळूच पोलीस केस. पुण्याची नोकरी सोडून मी परत आलो तेव्हा माझ्याबद्दल दोन्ही अफवा होत्या. त्यामुळे एका ठेकेदार कंपनीने जवळच्याच सरकारी कचेरीत काम देऊ केलं, तेव्हा मी ते पगाराइतकंच अब्रूसाठीही पत्करलं. कुठली कचेरी ते सांगत नाही. आमच्याकडे कचेरीलाही नातेवाईक असतात आणि ते घरी येतात.

काम होतं जमिनीच्या जुन्या कागदांचं. हाताने लिहिलेले सातबारे, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. प्रत्येक कागदावर बारकोडचा एक स्टिकर चिकटवायचा, कागद मशीनमध्ये घालायचा, मशीन त्याचा फोटो काढणार आणि माझा प्रोग्रॅम त्या फोटोतला बारकोड वाचून हा कागद कुठल्या गावचा, कुठल्या गटाचा, ते ठरवून योग्य जागी ठेवणार. मग मूळ कागद लाल फडक्यात बांधून जिल्ह्याच्या गोदामात जाणार. त्या गोदामातून परत आलेला कागद कोणाच्याच पाहण्यात नव्हता. म्हणजे पुढे लोकांना मिळणार तो फक्त फोटो. फोटोत जे दिसेल तेवढं खरं, जे दिसणार नाही ते कधी नव्हतंच.

स्टिकर चिकटवायला आणि मशीन चालवायला एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, देवबागच्या, रोज पहिल्या एसटीने येणाऱ्या, माझ्यासारख्याच कंत्राटी. मी त्यांना पहिल्या दिवशी मॅडम म्हणालो. त्यांनी तासाभरात माझ्या आईचं माहेर, वडलांचं गाव आणि एका चुलत मामाचं मोडलेलं लग्न शोधून काढलं आणि म्हणाल्या, "मॅडम कोणाक म्हणतंस रे? काकी म्हण." त्या दिवसापासून त्या काकी झाल्या.

काकींचे स्टिकर वाकडे असत. थोडेसे नव्हे. कुठे उजवीकडे कललेले, कुठे डावीकडे, कुठे जवळजवळ उभे. एकदा तर एक स्टिकर समासात असा चढत गेलेला होता की मला घाटातला रस्ता आठवला. आणि माझ्या प्रोग्रॅमला वाकडं चालत नसे. स्टिकर सरळ असला तर पापणी लवायच्या आत वाचून मोकळा. वाकडा असला तर अकरा सेकंद. अकरा सेकंद मशीन तोंडात कागद धरून थांबायचं आणि पीं पीं करायचं.

त्या अकरा सेकंदांचं काकींनी सोनं केलं होतं. त्या घरून अबोलीची फुलं आणायच्या आणि मशीन थांबलं की वळेसर, म्हणजे गजरे, करायला घ्यायच्या. अकरा सेकंदांत तीन फुलं गुंफून होतात, हे मी मोजलेलं आहे. कचेरीतल्या समस्त महिला कर्मचाऱ्यांच्या केसांत अबोली दिसली की त्या दिवशी आमचा वेग फारच पडलाय असं खुशाल समजावं. कंपनीच्या मॅनेजरला रोज आकडे पाठवण्यापेक्षा एक फोटो पाठवला असता तरी चाललं असतं.

अकरा सेकंद का लागत, ते सांगताना आजही मला कसंतरी होतं. माझा प्रोग्रॅम बारकोड मिळाला नाही की अख्खं पान एका अंशाने फिरवून बघायचा. नाही मिळाला, अजून एक अंश. अजून एक. असं करत करत पान गरागरा फिरवत बसायचा. चष्मा सापडत नाही म्हणून माणसाने चष्मा न शोधता घर फिरवावं, तसला प्रकार. रुजू होताना कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात बसून मी हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तिथल्या नमुन्याच्या कागदांवरचे स्टिकर सरळ होते, त्यामुळे ही फिरवाफिरवी कधी करावीच लागली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण अंगण खरोखरच वाकडं असेल तर काय करायचं ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

मॅनेजर पुण्यातून दर सोमवारी पडद्यावर प्रकट होत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसतात. यांना फक्त आलेख दिसायचा. आलेख खाली गेला होता. त्यांनी विचारलं, कारण काय? लेखी द्या. एका पानात द्या.

तो एक पानी अहवाल हे माझ्या हातून झालेलं सर्वांत सुबक लिखाण आहे. त्यात मी लिहिलं: विलंबाचं मुख्य कारण, मानवी चूक. ऑपरेटर स्टिकर वाकडे चिकटवते. यातला शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तर लिहिताना हात अडखळला नाही. नुसतं लिहून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी पुरावाही दिला. एका दुपारी काकी जेवायला गेल्या असताना मी पन्नास कागद घेतले आणि स्वतःच्या हाताने, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, बरोबर खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेला समांतर, स्टिकर चिकटवले. पन्नासच्या पन्नास कागद मशीनने घटाघटा गिळले. एक पीं नाही. त्याचा व्हिडिओ काढून अहवालाला जोडला. पुण्याहून अंगठे आले.

कचेरीच्या साहेबांकडेही अहवालाची प्रत गेली. साहेब मुळात वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या टेबलावर कितीतरी दिवसांत असा प्रश्न आला नव्हता की ज्याचं उत्तर फूटपट्टी आहे. त्यांनी तातडीने परिपत्रक काढलं. विषय: स्टिकर सरळ चिकटवणेबाबत. परिपत्रकासोबत एक लाकडी फूटपट्टी देण्यात आली आणि ती मिळाल्याची सही घेण्यात आली. काकींकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागवला. महिनाअखेरपर्यंत वेग वाढला नाही तर काकींचं कंत्राट संपणार आणि उरलेले कागद गाठोडी बांधून पुण्याला जाणार, जिथे ते सरळ माणसं सरळ चिकटवतील, असंही त्यात शेवटी होतं. ते परिपत्रक स्वतः किंचित तिरकं छापलं गेलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

काकींनी फूटपट्टीची सही केली. खुलासा लिहिला नाही. स्टिकर वाकडेच चिकटवत राहिल्या. मला राग आला. माझ्या अहवालामुळे ही बाई घरी बसणार हे मला कळत होतं, आणि ते टाळायला तिने नुसते हात सरळ ठेवायचे होते. माणसाला आपण केलेल्या वाईटातून सुटायचं असलं की समोरच्याने लवकर सुधारावं असं फार वाटतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकींनी डबा उघडला, मला कढीतली दोन सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाढली आणि विचारलं, "ते पन्नास कागद तू चिकटवलंस ना? सुंदर चिकटवलंस. खाली कोण होतां ता बघलंस?"

"खाली कोण म्हणजे?"

"स्टिकराच्या खाली."

मी म्हणालो, खाली कोपरा होता. कोपऱ्यात काय असणार?

काकींनी हात धुतले, पुसले आणि गठ्ठ्यातला एक न चिकटवलेला कागद माझ्यापुढे ठेवला. सातबाऱ्यावर मधल्या भागात कब्जेदारांची नावं असतात. आमच्याकडे जमीन सामायिक, त्यामुळे एका कातळाच्या तुकड्यावर अख्ख्या मतदारसंघाइतकी नावं. ती सगळी पुरुषांची. मग उजव्या कडेला एक अरुंद रकाना असतो: इतर अधिकार. त्यात वर कर्जबोजे, विहिरीचे हक्क वगैरे. आणि त्याच्याही खाली, शेवटी, जागा संपत आली असताना लिहिलेली बारीक अक्षरं. काकींनी तिथे बोट ठेवलं. मी वाचलं. एक बहीण. दुसरी बहीण. एक विधवा सून.

"चेडवांची नावा तलाठी शेवटाक लिवायचो," काकी म्हणाल्या. "आदी भाव, मगे पुतणे, मगे बोजे, बावडी, आणि जागा उरली तर आमी. खालच्या कोपऱ्यात. तू बरोबर थंयच चिकटवलंस."

मी तो कागद जवळ ओढला. त्या कोपऱ्यातल्या ओळी वर चढत गेलेल्या होत्या, कारण अरुंद जागेत लिहिणाऱ्या माणसाचा हात तसाच जातो. दोन ओळींच्या मध्ये किंवा त्यांच्या बाजूला जी मोकळी जागा उरत होती ती तिरकी होती. सूचनेतला कोपरा शक्यतो न सोडता काकी स्टिकर त्या तिरक्या जागेत बसवत होत्या. एकाही नावावर कड चढू न देता. ज्याला मी मानवी चूक म्हटलं होतं ते इतकं बारीक काम होतं की मला दिवसाला दहा कागदही तसे जमले नसते.

"मग साहेबांना सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगलंय. साहेब म्हणाले, सूचनेत कोपरो लिवलेलो आसा."

त्या मार्गदर्शक सूचना मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट उघडल्या. त्यात चित्र होतं. सातबाऱ्याचा कोरा नमुना, आणि त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बाण: येथे चिकटवावे. कोऱ्या नमुन्यावर तो कोपरा खरोखरच मोकळा होता. कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून, कोणाचंही नाव नसलेल्या कागदावर, कोणालाही त्रास होणार नाही अशी जागा निवडली होती. त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. दुष्टावा असता तर निदान कोणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती.

काकींनी मग स्वतःचं सांगितलं, तेही डब्याचं झाकण लावता लावता. काही वर्षांपूर्वी कागदांची एक फेरी दुसऱ्या ठेकेदाराकडून झाली होती. त्यांच्या वडलांचा सातबारा त्या फेरीत गेला. स्टिकर कोपऱ्यात, अगदी सरळ. मूळ कागद गोदामात. त्यानंतर जमिनीची वाटणी निघाली तेव्हा भाऊ म्हणाले, तुझं नाव कागदावर कुठे आहे? भाऊ खोटं बोलत नव्हते. कागदावर ते दिसतच नव्हतं. काकी तीन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या. प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर: इथे फक्त बारकोड दिसतो, बाई. खाली नाव आहे याचा काही पुरावा?

"पुरावो खाली आसा," काकी म्हणाल्या. "मी तेंका सांगतंय, उचला आणि बघा. ते म्हणतत, उचलूचो अधिकार आमका नाय."

मला लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही. मी पन्नास कागदांवर, घड्याळ लावून, हसत हसत तेच केलं होतं. आणि आता ही बाई गेली की उरलेल्या सगळ्या गावांवर तेच होणार होतं, तेही माझ्या व्हिडिओकडे बोट दाखवून.

महिना संपायला अठरा दिवस होते. काकी सरळ होणार नव्हत्या, म्हणजे प्रोग्रॅमलाच तिरकं वाचायला शिकवायला हवं होतं. मी प्रोग्रॅमकडे वळलो. पहिल्या प्रयत्नात मी अख्खं पान फिरवायचं सोडून पानात काळ्या-पांढऱ्या रेघा जिथे दाट असतील तेवढाच भाग शोधायला लावला. दिवसभर बरं चाललं, मग एका गावचे कागद आले. तिथल्या तलाठ्याला रेघा मारायचा षौक असावा. रकान्याखाली रकाना, चुकीच्या नोंदीवर आडव्या रेघा, त्यावर पुन्हा उभ्या रेघा. माझ्या प्रोग्रॅमने त्याची खाडाखोड बारकोड म्हणून वाचायला घेतली आणि तिथेच गुंतून पडला. तो तलाठी केव्हाच निवृत्त झाला असेल, पण त्या आठवड्यात मी त्याचा इतका उद्धार केला की त्याला उचक्या लागल्या असतील.

मार्ग काकींनीच दाखवला. मी चिडून पडद्यावर पान गरागरा फिरवत होतो. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"पान कित्याक फिरवतंस?"

"वाकडं आहे, मग सरळ करायला नको?"

"पान हलव नको. तू मान तिरकी कर."

आणि त्यांनी खरोखर मान तिरकी करून एका उभ्या चिकटवलेल्या स्टिकरवरचा आकडा घडाघडा वाचून दाखवला. वर म्हणाल्या, रेघोट्या मारणाऱ्याच्या रेघा चारी दिशांना असतात, स्टिकरच्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतात. ह्या कळाक शिकूक कित्याक होया?

मी पंधरा वर्षं हेच काम करून पगार घेतला होता आणि मला ते सुचलं नव्हतं. मी त्यांचं म्हणणं तसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये उतरवलं. आधी पानाचा एक छोटा फोटो करायचा, अगदी पासपोर्टच्या फोटोएवढा, म्हणजे बघायला वेळ लागत नाही. त्यात जिथे सगळ्या रेघा एकाच दिशेला झुकलेल्या आहेत ती जागा धरायची. हस्ताक्षर तिथेच गळतं, तलाठ्याची खाडाखोड गळते, कागदाची घडी गळते. मग त्या रेघा किती झुकल्या आहेत ते मोजायचं. आणि मोठ्या फोटोत, पान तसंच ठेवून, त्या रेघांना आडवी जाणारी एक तिरकी ओळ वाचत न्यायची. फिरवायचं काहीच नाही. अकरा सेकंदांची वेळ अर्ध्या सेकंदाच्याही खाली आली. कागद किती वाकडा आहे याला आता काही अर्थच उरला नव्हता.

पहिल्या दिवशी मशीन सलग इतकं चाललं की काकींची अबोली पिशवीतच कोमेजली. त्या वैतागून म्हणाल्या, "मेल्या, वायच थांब तरी."

महिनाअखेरीस चाचणी झाली. साहेब खुर्ची घेऊन मशीनपाशी बसले, मॅनेजर पडद्यावर. काकींनी त्यांचे सगळ्यात वाकडे कागद निवडून गठ्ठा केला होता. मशीनने तो सुपारीसारखा चघळून संपवला. आलेख वर गेला. टाळ्या झाल्या. काकींचं कंत्राट वाढलं. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं आणि मी घरी जाऊन बांगडे तळून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून पेढा दिला. म्हणाले, "बघितलंत? एका फूटपट्टीने काय होऊ शकतं."

मला आधी वाटलं, विनोद करतायत. ते विनोद करत नव्हते. वेग वाढला, याचा अर्थ स्टिकर सरळ झाले, याचा अर्थ परिपत्रक यशस्वी झालं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, वरच्याच कागदावर स्टिकर हरणटोळ सापासारखा तिरका चढला होता, पण साहेबांनी कागदाकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी आलेखाकडे पाहिलं होतं. वर कळवूनही झालं होतं. आता तेच परिपत्रक, तीच फूटपट्टी आणि माझा पन्नास कागदांचा व्हिडिओ बाकीच्या कचेऱ्यांना आदर्श म्हणून जाणार होते. म्हणजे मी जीव तोडून तिरक्या स्टिकरला वाचवलं, आणि त्याच्या यशाने सगळीकडचे स्टिकर सरळ होणार होते. आयत्या बिळावर नागोबा बसतो ते समजू शकतो, पण या नागोबाने बिळाचा नकाशाही उलटा छापून वाटला होता.

त्या दिवशी मी दुसरा अहवाल लिहिला. हा सुबक झाला नाही. यात मी लिहिलं की पहिल्या अहवालातली मानवी चूक माझी होती, ऑपरेटरची नव्हती. स्टिकर कितीही वाकडा असला तरी चालतो, तो नावावर असलेला चालत नाही. कोपऱ्याची सूचना रद्द करा. पन्नास कागदांवरचे माझे स्टिकर काढायची परवानगी द्या. मॅनेजरांनी उत्तर दिलं की अहवाल दोन पानांचा झाला आहे, आणि चांगल्या बातमीत वाईट बातमी मिसळू नये. साहेबांनी मात्र, कपाळाला आठ्या घालून का होईना, पन्नास कागदांपुरती सही दिली. "तुमचेच तुम्ही काढताय ना? मग काढा."

ते आम्ही दोन दुपारी काढले. काकींनी घरून इस्त्री आणली, स्टिकरवर पातळ फडकं ठेवून ती नुसती टेकवायची आणि गोंद सैल झाला की कोपरा धरून हळू, फार हळू, उचलायचं. काकी उचलायच्या, मी इस्त्री धरायचो. पंधरावीस स्टिकरांच्या खाली काहीच नव्हतं. बाकीच्यांखाली नावं होती. काकी प्रत्येक नाव मोठ्याने वाचायच्या, अगदी हजेरी घेतल्यासारखं. तीन कागदांवर शाई गोंदाबरोबर उठून आली आणि नाव स्टिकरच्या पाठीवर उलटं उमटलं. ते स्टिकर आम्ही पाकिटात घालून त्या त्या कागदाला जोडले आणि पाकिटासकट फोटो काढला. त्या तिघी कोण, हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. माझ्या एका व्हिडिओपायी त्यांची नावं अशी सोलली गेली, हे मात्र मला विसरता येत नाही.

त्यानंतर पुण्याहून नवं काम आलं. प्रोग्रॅम इतका जलद झालाच आहे तर मागच्या ठेकेदाराच्या फेरीतले जुने फोटोही त्यातून काढा, म्हणजे आकडा आणखी फुगेल. मी ते सुरू केलं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक कागदाला शेरा द्यायचा. सरळ आणि झटपट वाचला गेला तर हिरवा, उत्तम. वाकडा असला तर पिवळा. जुन्या फेरीचा पडदा नुसता हिरवागार होता, भाताच्या खाचरासारखा.

काकी बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "ह्याच्यात माजो बापूस आसतलो," त्या म्हणाल्या. गाव आणि गट त्यांना तोंडपाठ होता. मी घातला. कागद उघडला. स्टिकर खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेला समांतर, एका केसाचाही फरक नाही. वर हिरव्या अक्षरात माझाच शेरा: उत्तम.

काकींनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. तो हिरवा रंग मी माझ्या हाताने निवडलेला होता, डोळ्यांना थंड वाटावा म्हणून.

मी त्या दिवशी जेवलो नाही. शेरा देणारा भाग काढून टाकला आणि नवा लिहिला. वेगाचं काही विचारायचं नाही, सरळ की वाकडा तेही नाही. एकच बघायचं: स्टिकर इतर अधिकाराच्या रकान्यावर बसला आहे का. बसला असेल तर लाल. आणि खाली वाक्य: स्टिकरखाली मजकूर झाकला गेला असण्याची शक्यता. मूळ कागद काढून पडताळावा. मग सगळे जुने फोटो पुन्हा सोडले. हिरवा पडदा लाल होत गेला, एक पान, दुसरं पान, गावामागून गाव. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

साहेबांना बोलावलं. ते उभ्या उभ्या बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या प्रोग्रॅममध्ये बिघाड झालाय. सकाळपर्यंत सगळं हिरवं होतं."

मी म्हणालो, बिघाड सकाळपर्यंत होता.

"हे वर पाठवलं तर गोदाम उघडावं लागेल," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. आमच्याकडे पडकी विहीर उघडायची म्हटली तरी माणसं इतकी घाबरत नाहीत. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, विचार करतो. अजून करतायत. तो अहवाल मी पाठवला आहे, त्याची पोच आहे, आणि दर सोमवारी मी त्याबद्दल विचारतो. दर सोमवारी मॅनेजरांचा आवाज नेमका तेव्हाच तुटतो.

पण त्या दुपारी साहेब गेल्यावर काकी म्हणाल्या, "माज्या बापाशीचो कागद छापून दी."

मी म्हणालो, त्यात काय आहे काकी, नाव तर दिसत नाहीच.

"नाव दिसना नाय ता माका ठावक आसा. ता लाल लिवलेला आसा ना, त्येच्यासकट दी."

मी छापून दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला आणि खालचं लाल वाक्य वाचलं. एकदा मनात, एकदा ओठ हलवत. झाकला गेला असण्याची शक्यता. मी ते वाक्य घाईत लिहिलं होतं, त्यात 'शक्यता' हा शब्द अंग चोरून घातला होता, आणि मला वाटलं त्यावरून त्या मला फैलावर घेतील.

"तीन वर्सां मी एकटीच सांगत होतंय, खाली कायतरी आसा म्हणान," काकी म्हणाल्या. "आता कागद सांगता."

मग त्यांनी तो कागद फूटपट्टीवर गुंडाळला, चुरगळू नये म्हणून, त्याला रबर लावलं आणि भावाकडे जाणारी एसटी किती वाजता आहे ते मला विचारलं.